नवी गाडी की खांदा?

आजचे वाचन: २ शमुवेल ६:१-१५, गणना ७:१-९, १ इतिहास १५:११-२८



मंडळीत काही नवीन आणायचं म्हटलं की दोन गट पडतात. एक म्हणतो, जग कुठे चाललंय आणि आपण कुठे! दुसरा म्हणतो, जुनं ते सोनं, हात लावू नका. आजच्या वाचनात दोघांसाठीही उत्तर आहे.

दाविदाला कराराचा कोश यरुशलेमेला आणायचा होता. हेतू चांगला, उत्साह मोठा, वाद्यं जोरात. कोश ठेवला एका नव्या गाडीवर. पूर्वी पलिष्ट्यांनीही तो नव्या गाडीवरूनच परत पाठवला होता. वाटेत बैल बिचकले, उज्जाने हात पुढे करून कोश धरला आणि तो तिथेच मेला. हे वाचताना त्रास होतो. दाविदालाही झाला; त्याला राग आला, भीती वाटली.

मग देवाला गाड्याच नको आहेत का? गणना ७ नीट वाचा. इस्राएलाच्या सरदारांनी ६ गाड्या आणि १२ बैल आणले, आणि देवाने मोशेला ते घ्यायला सांगितलं. गेर्षोनी लोकांना २ गाड्या मिळाल्या, मरारी लोकांना ४. मंडपाचे पडदे, फळ्या, खांब त्यांच्या कामात होते. कहाथी लोकांना मात्र एकही गाडी नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावर वाहायच्या होत्या.

म्हणजे प्रश्न जुनं की नवं हा नाहीच. गाडीवर काय ठेवायचं आणि खांद्यावर काय, हा आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागलं की आम्ही पहिलं विचारतो, हे ऑटोमेट होईल का? मंडळीत त्याआधी एक प्रश्न यायला हवा: हे ओझं देवाने कोणाच्या खांद्यावर दिलंय?

गाण्यांच्या स्लाइड्स, क्यूआर कोडने दान, सेवेचं वेळापत्रक, लाइव्हस्ट्रीम हे मंडपाचं सामान आहे. खुशाल गाडीवर ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या आजीला मोबाइलवर उपासना दिसते, ही देवाची कृपाच आहे. पण लाइव्हस्ट्रीम सुरू झाल्यावर तिच्या घरी जाणं बंद झालं, तर आपण कोशच गाडीवर ठेवला. प्रार्थनेची विनंती ॲपवर आली, हात जोडलेला इमोजी गेला, आणि प्रार्थना कोणीच केली नाही, तेव्हाही तेच. उपदेश एआयने २ मिनिटांत लिहून दिला, तर मजकूर कदाचित बरोबरही असेल. पण त्या वचनापुढे आठवडाभर गुडघ्यावर कोण होतं?

आता दुसऱ्या गटाकडे येऊ. दाविदाने चूक ओळखली आणि दुसऱ्यांदा लेव्यांनी कोश दांड्यांनी खांद्यावर उचलला. पण त्याने संगीत बंद केलं नाही. उलट गायक नेमले, वीणा, सतारी, झांजा लावल्या आणि स्वतः नाचला. मीखलेला ते आवडलं नाही. आपल्याला न आवडणारी प्रत्येक गोष्ट वचनाविरुद्ध असते असं नाही.

आपल्या महाराष्ट्रातच बघा ना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. पंडिता रमाबाईंनी केडगावात साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. साज बदलला, शब्द सोपे झाले. ख्रिस्त तोच राहिला. आणि ते भाषांतर करताना रमाबाईंनी वर्षानुवर्षं खांदा दिला.

१ इतिहास १५:२६ मध्ये एक सुंदर गोष्ट आहे. कोश वाहणाऱ्या लेव्यांना देवाने साहाय्य केलं. खांद्यावर ओझं असतं तिथेच त्याची मदत जाणवते. सगळंच गाडीवर टाकलं, तर ती अनुभवायची कधी?

आजचं पाऊल: मंडळीतल्या ज्या एका व्यक्तीला तुम्ही फक्त मेसेज फॉरवर्ड करता, तिला या आठवड्यात प्रत्यक्ष भेटा.

प्रार्थना: प्रभू, नवीन साधनांसाठी तुझे आभार. कोणतं ओझं गाडीचं आणि कोणतं आमच्या खांद्याचं, हे ओळखायला शिकव. आणि जे आमचं आहे ते उचलायला बळ दे. येशूच्या नावाने, आमेन.