आईच्या माथी मारलेला दोष

बाळाचे हातपाय आखूड, डोकं मोठं, कपाळ पुढे आलेलं दिसलं की आपल्याकडे पहिली चौकशी आईची होते. ग्रहणात बाहेर पडली होतीस का? काही चिरलंस का? बाळंतिणीच्या अंगावर अजून दूध उतरलेलं नसतं, आणि ती नऊ महिन्यांतला एकेक दिवस आठवून त्यात आपली चूक शोधत बसते.

अशा बाळाचा डोक्यापासून पायापर्यंत एक्स-रे काढतात. नवजात सांगाड्याचा बराचसा भाग कूर्चेचा असतो आणि ती एक्स-रेत उमटत नाही. जाणकार डॉक्टर म्हणून हाडांइतक्याच बारकाईने त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा बघतात. कमरेच्या मणक्यांपाशी त्यांची नजर थांबते. एरवी मणक्याच्या दोन बाजूंमधलं अंतर खाली येताना वाढत जातं; अकॉन्ड्रोप्लेझिया या हातपाय आखूड ठेवणाऱ्या आजारात ते वाढत नाही, बरेचदा कमीच होतं. कमरेची हाडं चौकोनी, मांडीचं हाड तोकडं. एवढं जुळलं की निदान जवळपास ठरतं. पुढची खात्री जनुक चाचणी करते. एफजीएफआर-३ या जनुकातला हा दोष १९९४ मध्ये सापडला. अशा दहातल्या आठ बाळांचे आईवडील चारचौघांच्याच उंचीचे असतात. त्यांच्या बाळात हा बदल नव्याने, बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत झालेला असतो. वडिलांचाही यात अपराध नाही. पण विळीचा आणि ग्रहणाचा तर सुतराम संबंध नाही!

काही आजारांत मात्र उशीर चालत नाही. कॉन्ड्रोडिस्प्लेझिया पंक्टाटामध्ये कूर्चेत रव्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि मूल वाढू लागलं की पहिल्या काही वर्षांत ते दिसेनासे होतात. नंतर काढलेल्या एक्स-रेत ही खूण हाती लागेलच असं नाही.

बाळ वाचलं नाही, तर एक्स-रेचा विषय काढणं सगळ्यांनाच जड जातं. घरच्यांना बाळाला लवकर न्यायचं असतं, डॉक्टरांचीही जीभ रेटत नाही. तरी तो काढावा, समजावून, परवानगी घेऊन काढावा. पुढच्या खेपेला काय, या प्रश्नाचं उत्तर आजाराच्या नावावरच अवलंबून असतं: काही आजारांत पुन्हा धोका चारात एक, तर सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांना अकॉन्ड्रोप्लेझियात एक टक्क्याहूनही कमी. आणि हे सांगताना एकट्या आईला बसवू नये. नवऱ्याला, सासूबाईंनाही आत बोलवावं, आणि तो मणका त्यांनाही दाखवावा.