तीसला तीस

कोल्हापूरकडच्या एका गावात, दूध मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं यायच्या आधीची ही गोष्ट. डेअरीत नवा मुलगा लागला होता. शिकलेला, हिशेबाला चोख. संस्थेने त्याला नवा लॅक्टोमीटर आणून दिला तेव्हा त्याच खोक्यात एक थर्मामीटरही होता. पोराने लॅक्टोमीटर बाहेर काढला आणि थर्मामीटर कागदात गुंडाळलेला तसाच खणात टाकला. दुधाला ताप थोडाच येतो!

लॅक्टोमीटर म्हणजे बुडाशी वजन भरलेली, वर बारीक मान असलेली बंद काचनळी. द्रव जड असेल तर ती वर तरंगते, हलका असेल तर खाली जाते. मानेवरच्या आकड्याला डिग्री म्हणतात; तिथे 30 दिसलं की त्या दुधाची घनता 1.030, म्हणजे लिटरभर दूध 1030 ग्रॅम भरतं. पाणी मिसळलं की आकडा उतरतो. पोराला एवढं पाठ होतं. म्हशीच्या दुधाला 29 ची रेघ संस्थेने ठरवून दिली होती. त्याखाली गेलं की वहीत शेरा ‘पाणी’ आणि दरात कपात.

पहिला शेरा बसला तो डेअरीला लागूनच राहणाऱ्या मावशींना. 28! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

“आरं पोरा, धार काढून किटली उचलली आन् तशीच आलीया. पानी मिसळाया मधी हौद तरी हाय का?”

“मावशी, काच खोटं बोलत नाही,” पोरगा म्हणाला. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

आणि मळ्यावरचे आबा! दीड कोस लांबून सायकलीला कॅन बांधून यायचे, रांगेत शेवटी उभे राहायचे, आणि रोज तीसला तीस. पोरगा तो आकडा मुद्दाम मोठ्याने वाचायचा. आबांच्या घरचं तूपही तालुक्यात प्रसिद्ध. पोराच्या घरीसुद्धा तेच यायचं. एवढं तूप निघतं कशातून, हे मात्र त्याच्यासकट कुणीच विचारलं नाही.

पुढे गावच्या एकूण दुधाला फॅट कमी लागतंय अशी दूध संघाची तक्रार आली आणि पाठोपाठ सुपरवायझर आले. पोराने वही पुढे केली आणि मावशींच्या नावावर बोट ठेवलं.

“दूध किती गरम होतं?” साहेबांनी विचारलं.

पोरगा गप्प. साहेबांनी खण उघडला, कागद सोडला, थर्मामीटर मावशींच्या किटलीत धरला. 37 अंश. “ही काच 27 अंशांवर बेतलेली आहे. त्यावर दर पाच अंशांमागे साधारण एक डिग्री कमी दाखवते. त्यातून धारोष्ण दुधात हवेचे बुडबुडे असतात, ते वेगळेच.” किटली पाण्याच्या हौदात ठेवली. अर्ध्या तासाने, 27 अंशांवर, काच 30 वर उभी राहिली. घर डेअरीला लागून, हाच काय तो मावशींचा दोष.

मग साहेबांनी आबांच्या दुधाचा नमुना घेतला. डिग्री नेहमीसारखीच 30. पण फॅट मोजायच्या गर्बरच्या नळीत आम्ल, दूध आणि अमाइल अल्कोहोल घालून ती यंत्रात फिरवली, तेव्हा म्हशीच्या दुधाला सहा-सातच्या आसपास लागणारं फॅट दोनवरही पोचलं नाही.

“पण साहेब, डिग्री तर बरोबर होती!”

“बरोबरच असणार. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. तो काढून घेतला की राहिलेलं दूध जड होतं, 36 पर्यंत जातं. तसल्या पाच लिटरांत एक लिटर पाणी घाल. किती येईल?”

पोराने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. पाच छत्तीस एकशे ऐंशी, भागिले सहा. तीस.

आबा त्या दिवशी कॅन परत घेऊन गेले ते पुन्हा डेअरीत आलेच नाहीत. तूप विकणं मात्र चालू राहिलं, आणि लोक ते घेतही राहिले. गाव ते गावच.

संस्थेच्या सचिवांनी मावशींच्या हातात कापलेले पैसे ठेवले. त्यांनी ते मोजले, पदराला बांधले आणि पोराकडे वळल्या.

“पैशे मिळालं. आता ‘पानी’ म्हनताना जेवढा आवाज काढलावतास, तेवढाच काढून आजची डिग्री सांग.”

रांग थांबली होती. पोराने घसा खाकरला आणि ओरडून सांगितलं, “मावशी, तीस!”

त्या महिन्यापासून संस्थेने प्रत्येकाच्या दुधाचं फॅट तपासायला सुरुवात केली, आणि तपमान लिहायला वहीत नवा रकाना आखला. आज बहुतेक डेअऱ्यांत दराचा तक्ता फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) या दोन्हींवर बांधलेला असतो. दूध घालणाऱ्यांनी पावतीवर हे दोन्ही आकडे रोज वाचावेत, आणि एकच छापलेला असेल तर दुसरा तिथल्या तिथे मागून घ्यावा.