बाबेलचे पाहुणे आणि घरातील भांडार



हिज्किया राजाची गोष्ट तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. तो मोठ्या दुखण्यातून उठला, तेव्हा बाबेलच्या राजाने पत्र व भेट देऊन त्याजकडे वकील पाठविले. इतक्या लांबून लोक समाचारास आले ह्याचा राजास हर्ष झाला, व त्याने सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रागार, सर्व काही त्यांस उघडून दाखविले. हे सर्व एके दिवशी बाबेलास नेले जाईल, असे यशया संदेष्ट्याने त्यास सांगितले. वकिलांनी त्या दिवशी एक कवडीही चोरली नाही, हे ध्यानात घ्यावे. त्यांनी केवळ पाहिले.

आज असे वकील मोबाईलवरून येतात. कोणी म्हणतो, बँकेतून बोलतो, तुमची केवायसी राहिली आहे; कोणी म्हणतो, तुम्हांस बक्षीस लागले आहे. बोलणे गोड, आणि मागणे लहान: आधार क्रमांक, जन्मतारीख, खाते क्रमांक व शेवटी ओटीपी. आमच्यातील पुष्कळांस वाटते की, आम्ही गरीब माणसे, आमच्याजवळ चोरण्याजोगे काय आहे? ह्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात मिळाले आहे.

सन 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना काढून पात्र स्त्रियांस दरमहा 1,500 रुपये देण्याचे ठरविले. खारघर येथील एका भगिनीचा अर्ज काही केल्या दाखल होईना. शोध घेता कळले की, तिच्या आधार क्रमांकावर दुसऱ्याच कोणी अगोदर अर्ज केला आहे. तपासाचा माग सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात पोहोचला. एकाच स्त्रीची छायाचित्रे लावून व निरनिराळे आधार क्रमांक घालून सुमारे 30 अर्ज भरल्याच्या आरोपावरून वडूज पोलिसांनी त्या वर्षी एका जोडप्यास अटक केली. त्यांचा न्याय न्यायालय करील. आम्हांस एवढेच दिसते की, त्या भगिनीच्या पेटीस कोणी हात लावला नाही, तरी तिच्या हक्काचे दार बंद झाले. एसावाची वस्त्रे अंगावर घालून याकोबाने त्याचा आशीर्वाद घेतला, तसेच हे झाले. ज्याजवळ दुसरे काही नाही, त्याजवळ त्याचे नाव तरी आहे. म्हणून नावाची चोरी गरिबासच अधिक जाचते.

कोणी विचारील की, ज्याच्या मनात पाप नाही, त्याने लपवावे कशास? बंधूंनो, लपविणे निराळे आणि जपणे निराळे. प्रभूने प्रार्थनेकरितासुद्धा खोलीचे दार लावून घ्यावयास सांगितले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही 24 ऑगस्ट 2017 रोजी, नऊ न्यायाधीशांच्या एकमताने, खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत अधिकार आहे असा निर्णय दिला.

तर आपण काय करावे? ओटीपी कोणासही सांगू नये, मागणारा कितीही मोठा साहेब म्हणवो. आधारची प्रत देणे भाग पडल्यास, चालेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी, आणि झेरॉक्सवर कारण व तारीख लिहावी. आधार क्रमांक व अंगठा ह्यांच्या बळावर बँकेतून पैसे निघू शकतात, म्हणून कोणी सांगेल तेथे अंगठा टेकवू नये. झेरॉक्सच्या दुकानदाराच्या मोबाईलवर कागद पाठविला असेल, तर काम होताच तो आपल्या देखत काढून टाकवावा. आणि फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ 1930 ह्या क्रमांकावर व बँकेस कळवावे. फसलेल्यास मंडळीने हसू नये. हसण्याच्या भयाने दुसरा फसलेला बोलणार नाही.

आता उपदेशक बंधूंस विशेष सांगणे आहे. मंडळीचे लोक तुम्हांवर विश्वास ठेवून आपले कागद तुमच्या हाती देतात. ती ठेव आहे. तिचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहू नयेत. तसेच, एखादी भगिनी आपले दुखणे प्रार्थनेकरिता तुमच्या कानी घालते, आणि संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपच्या गटातून तिच्या मुलीच्या सासरी जाऊन पोहोचते. ही मध्यस्थी नव्हे, ही चहाडी होय, मग शेवटी आमेन लिहिलेले असले तरी. देव सर्वज्ञ आहे. त्यास रोगाचे नाव व दवाखान्यातील खाटेचा क्रमांक कळविण्याची गरज नाही. जगजाहीर करण्यापूर्वी त्या भगिनीस विचारावे, आणि ती नको म्हणाली तर एकांतात प्रार्थना करावी.

हिज्कियाने भांडार दाखविले, परंतु त्याचे फळ त्याच्या पुत्रपौत्रांस भोगावे लागणार होते. आपल्या हयातीत शांती राहील एवढ्यावर त्याने समाधान मानले. आपण तसे मानू नये. आपल्या लेकरांचे फोटो, त्यांच्या शाळेचे नाव, त्यांची जन्मतारीख आज आपण कौतुकाने परक्यांपुढे मांडतो, आणि त्यांची संमती विचारीत नाही. ती मोठी होतील तेव्हा त्यांच्या नावाचे भांडार त्यांच्याच हाती अखंड देता यावे, एवढी सावधगिरी व शहाणपण देव आम्हां सर्वांस देवो. आमेन.