शांत राहा, असं कुणी कुणाला सांगावं?

मी मुलींना खो-खो शिकवते. सामन्याआधी त्यांना सांगायचं ते थोडकंच असतं: जे तुमच्या हातात आहे तेवढंच बघा. पंचांचा निर्णय, प्रेक्षकांचा गोंगाट, समोरच्या संघाचा दबदबा, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. श्वास आणि पाय तेवढे तुमचे. क्रीडा मानसशास्त्रातला हा अगदी प्राथमिक धडा आहे आणि तो उपयोगी पडतो. घाबरलेली मुलगी श्वास मोजायला लागली की तिची हुलकावणी नेमकी बसते, हे मी पाहत आलेय.

हा विचार एपिक्टेटस नावाच्या तत्त्वज्ञाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यात मांडला. तो जन्माने गुलाम होता. देहावर दुसऱ्याची मालकी असताना मन कुणाच्या मालकीचं, हा त्याच्यासाठी जगण्याचा प्रश्न होता. अशा माणसाने स्वतःला सांगितलं, की जे माझ्या हाती नाही त्याचं दुःख मी करणार नाही, तर ती त्याची मुक्ती. पण हेच मालकाने गुलामाला सांगितलं तर? शब्द तेच राहतात आणि अर्थ हुकमाचा होतो. म्हणून मला विचारावंसं वाटतं: खेळाडूला शांत राहायला सांगणारे आम्ही प्रशिक्षक, या दोघांपैकी कुणाच्या जागी उभे असतो?

पालवणकर बाळूंचं उदाहरण घेऊ. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचा आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करायचा. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी बाळूंना घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात यायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसाने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळालं नाही.

बाळूंच्या मनाची ताकद अफाटच म्हणायची. पण त्यांच्या भावांनी केलेलं एक काम आपण त्या ताकदीत मोजत नाही. १९२० मध्ये कर्णधारपदासाठी डावललं गेल्यावर विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. अपमान गिळून गोलंदाजी करत राहणं हे मनोबल, आणि अपमान होतोय असं सांगून मैदानाबाहेर उभं राहणं हा मात्र बेशिस्तपणा, अशी वाटणी करून आम्ही शिकवतो. मला तरी दुसऱ्या गोष्टीला जास्त स्थिर मन लागतं असं वाटतं.

‘मैदानात जात नसते’, असं आमच्या क्षेत्रात अभिमानाने म्हणतात. हे वाक्य ऐकलं की मला पंढरपूर आठवतं. चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तिथे लहानमोठा कुणी नाही. पण चोखोबांना देऊळ बंद होतं. त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे. देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. वाळवंटातली समता खोटी नव्हती, पण दाराशी येऊन ती थांबत होती. मैदानाचंही तसंच आहे. रेषेच्या आत नियम सगळ्यांना सारखे. रेषेबाहेर जेवण, मुक्काम, पाणी, निवड समिती, आडनाव.

एका स्पर्धेत आमचा मुक्काम गावातल्या घरांमध्ये होता. एका घरी माझ्या संघातल्या मुलीला आडनाव विचारलं गेलं आणि तिचं ताट ओसरीवर वेगळं वाढलं. आमच्यातल्या कुणीतरी तिला समजावलं, लक्ष देऊ नकोस, उद्या उपांत्य सामना आहे. त्यावर आमची कर्णधार म्हणाली, ‘बाई, तिने लक्ष द्यायचं नाही, तर मग द्यायचं कुणी?’ रात्रीच आम्ही सगळा मुक्काम शाळेच्या वर्गात हलवला.

‘मी सगळ्यांना एकसारखंच वागवते’, हे उत्तरही मला अपुरं वाटतं. नवरात्रात माझ्या निम्म्या मुलींना उपवास असतो. त्या दिवसांत सराव हलका होतो, मधल्या वेळी केळी येतात, आणि याला कुणी सवलत म्हणत नाही. रमजानमध्ये एका मुलीसाठी धावण्याचं काम कमी करून खो देण्याचा, दिशा बदलण्याचा सराव ठेवला, तर लगेच पालक विचारतात, तिलाच वेगळं का? स्पर्धेच्या सकाळी खांबाला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. संघातली बौद्ध मुलगी अशा वेळी बुटाची नाडी बांधायला वाकते, आणि नाडी फार वेळ बांधत राहते. आमच्या वेळापत्रकाला धर्म आहे. तो बहुसंख्यांचा असल्यामुळे आम्हाला दिसत नाही. आता नारळ ज्यांना फोडायचाय त्या फोडतात. संघ म्हणून एकत्र येणं त्यानंतर, मैदानाच्या मधोमध, हातात हात घेऊन होतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२१ रोजी आपला महिला हॉकी संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. त्यानंतर हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात या संघातल्या वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजले, घरच्यांना जातीवरून शिवीगाळ झाली. याच वंदनाने चार दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ६ ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात ती ब्रिटनविरुद्ध उतरली आणि तिने गोल केला. हा गोल मी मुलींना जरूर दाखवते. पण ‘बघा, तिने कसं सोसलं’ असं म्हणत नाही. तसं म्हटलं की फटाके वाजवणारे बाजूलाच राहतात आणि परीक्षा पुन्हा तिचीच होते.

लाभ आणि हानी सारखी मान, हे गीतेतलं सांगणं आमच्या शिबिरांत नेहमी येतं. ते सांगितलं कुणी आणि कुठून, हे मात्र राहून जातं. सांगणारा सारथी होता, अर्जुनाच्याच रथात बसलेला. येणारे बाण त्याच्याही अंगावर येणार होते. शिवाय ते समत्व अन्याय मुकाट गिळण्यासाठी सांगितलेलं नव्हतं, उठून लढण्यासाठी होतं.

मुलीचं मन कणखर करणं माझं काम आहे, यात शंका नाही. पण त्या मनाला काय काय सोसावं लागतं ती यादी कमी करणं हे त्याच्याही आधीचं काम. माझं, आयोजकांचं आणि संघटनेचं. ते टाळून जो तिच्याकडे समत्व मागतो, तो तत्त्वज्ञान सांगत नसतो, स्वतःची सोय बघत असतो.