दुखण्यातून उठताना: आधी सूर, मग शब्द

दुखण्याला उतार पडला म्हणजे माणूस बरा झाला असे होत नाही. ताप गेलेला असतो, टाके सुकत आलेले असतात. पण तोंडाला चव नसते, उठून बसले की घेरी येते आणि वर्तमानपत्रातला मथळा वाचून झाला की खालचा मजकूर नकोसा होतो. वैद्यकाचे लक्ष आजारावर असते. आजार हटला की ते लक्षही ओसरते. मग उरतात ते पेजेचे आणि पथ्याचे दिवस, कधी पंधरा, कधी काही महिने. या दिवसांत दुखणेकऱ्याला संगीताचा आणि शब्दांचा आधार वाटतो, हे निरीक्षण जुने आहे. मात्र हे दोन्ही एकाच वेळी कामाला येत नाहीत. बहुधा आधी सूर येतो, मग दुसऱ्याचे शब्द, आणि स्वतःचे शब्द सर्वांत शेवटी.

सूर आधी येतो, कारण तो मागतो कमी. वाक्य समजायचे तर त्याची सुरुवात शेवटापर्यंत धरून ठेवावी लागते. कथेत पात्रांची नावे, नाती, मागे घडलेले सगळे सांभाळावे लागते. अशक्त माणसाला हे ओझे पेलत नाही. गाणे ऐकताना मध्येच डोळा लागला आणि पुन्हा जाग आली, तरी काही चुकल्यासारखे वाटत नाही. दुसरे कारण वेळेचे. अंथरुणावरची दुपार संपता संपत नाही. तिला गोळ्यांच्या वेळा सोडल्या तर कोणतेही टप्पे नसतात. विलंबित ख्यालात ताल फिरून समेवर येतो. पुढे काय येणार याची चाहूल कानाला असते आणि ते ठरल्या जागी येते. ज्याच्या शरीराने नुकताच दगा दिलेला आहे, त्याला ठरल्या जागी येणारी सम ही लहानसहान गोष्ट वाटत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात त्या म्हणतात की मानवी गळा, फुंकून वाजवायची वाद्ये आणि ज्यांचा नाद अखंड राहतो अशी तंतुवाद्ये रोग्याला निववतात. पियानोसारख्या तुटक नादाच्या वाद्याचा परिणाम मात्र उलटा होतो. पियानोवाले यावर भांडतील. पण तानपुऱ्याच्या सलग झंकारात वाढलेल्या कानाला या म्हणण्यात नवल वाटण्याचे कारण नाही. याच प्रकरणात नाइटिंगेलबाईंचा खरा राग आहे तो अनावश्यक आवाजावर, विशेषतः खोलीच्या दाराबाहेर चाललेल्या कुजबुजीवर. रोगी ती कान देऊन ऐकतो आणि ती आपल्याबद्दलच आहे असे धरून चालतो. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. दिवाळीच्या चार रात्री खाटेवर काढलेल्या कोणालाही या नियमाचे महत्त्व आणि त्याची अवस्था दोन्ही सांगावी लागत नाहीत.

सूर आणि शब्द यांची थेट तुलना करून पाहण्याचा एक प्रयत्न फिनलंडमध्ये झाला. हेलसिंकीत तेप्पो सॅर्कॅमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या झटक्यातून सावरणाऱ्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली, तिसऱ्याला यांपैकी काहीच दिले नाही. नेहमीचे उपचार तिन्ही गटांना सारखेच होते. २००८ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार शब्दांची स्मृती आणि अवधान या दोन्ही बाबतींत संगीताचा गट इतर दोघांच्या पुढे गेला. गंमत अशी की शब्दांची स्मृती सुधारली ती शब्द ऐकणाऱ्यांची नव्हे, गाणी ऐकणाऱ्यांची. अर्थात त्या गाण्यांतही बहुधा शब्द होते, आणि ते सुरावर बसून आलेले होते. रुग्णांची संख्या लहान होती, त्यामुळे यावर मोठी इमारत बांधणे बरोबर नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाबद्दल पुरावा अधिक भक्कम आहे. ‘लॅन्सेट’ने २०१५ मध्ये सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. संगीत ऐकणाऱ्या रुग्णांच्या वेदना आणि काळजी कमी झाल्या, वेदनाशामक औषधेही कमी लागली. रुग्णालयातला मुक्काम मात्र एका दिवसानेही घटला नाही. दिलासा आणि उपचार यांतले अंतर इतक्या स्वच्छपणे दाखवणारी आकडेवारी क्वचित मिळते. त्याच आढाव्यात संगीत कोणते होते याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग मधुमेहावर’ अशा याद्यांना यातून कसलाही आधार मिळत नाही. आख्यायिकांची गोष्ट वेगळी. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे केले, आणि त्याच गावात भोपळ्यांना तारा चढवून तानपुरे घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगमधून उठले, असे तिथे अजून सांगतात. गावाने रुग्णालयही चालवले आणि ही गोष्टही जपली. त्याला दोहोंत विरोध वाटला नाही.

आजारपणात ऐकण्याने काय घडू शकते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. १९४७च्या सुमारास, विशीत असतानाच त्यांना क्षयाने गाठले. त्याआधीची त्यांची कीर्ती असामान्य ग्रहणशक्तीची होती: लहान वयात थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गाणारा मुलगा, मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांचा शिष्य. कोरड्या हवेसाठी ते माळव्यातल्या देवासला आले, तो दिवस ३० जानेवारी १९४८ होता. पुढची चार-पाच वर्षे अंथरुणावर गेली आणि डॉक्टरांनी गायला बंदी केली. पत्नी भानुमती यांच्या शुश्रूषेत तो काळ निघाला. गवयाचा गळा बंद झाला, कान मात्र उघडा राहिला. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची गाणी, जोग्यांची निर्गुणी भजने, पाखरांचे आवाज हे सगळे त्या कानात पडत होते, आणि त्याला लगेच गाऊन उत्तर देण्याची सोय नव्हती. एरवी गवई ऐकतो तेव्हा त्याचा गळा आतल्या आत कामाला लागलेला असतो. इथे निव्वळ ऐकणे सक्तीचे झाले.

या सक्तीतून काय निघाले ते पुढच्या चाळीस वर्षांच्या गाण्यात दिसते. माळव्याच्या लोकधुनांमध्ये रागांची बीजे आहेत या विचारातून त्यांनी ‘धुनउगम’ राग बांधले. लोकगीतांचे आणि ऋतुगीतांचे कार्यक्रम केले. देवासला नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी आहे. त्या परंपरेतली निर्गुणी भजने त्यांनी मैफलीत आणली. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा संग्रह आला. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. कुमार बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिनने. हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांच्या हाती लागले होते, आणि ते देवासपर्यंत वेळेत पोहोचले. १९५३ मध्ये कुमार पुन्हा मैफलीत गायले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. लांब दमसासाच्या ताना शक्य नव्हत्या. छोटे, झेपावणारे, मध्येच तुटून पुन्हा उसळणारे स्वरसमूह आले. ही शैली केवळ फुप्फुसाची मर्यादा होती असे म्हणणे त्यांच्या विचारशक्तीवर अन्याय करणारे ठरेल. औषधाने माणूस वाचवला. काय गायचे ते मात्र खाटेवरच्या वर्षांनी ठरवले.

बीथोव्हनची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे, कारण त्याला ऐकूच येत नव्हते. १८२५च्या एप्रिलमध्ये तो आतड्यांच्या दाहाने खूप आजारी पडला. डॉ. ब्राउनहोफर यांनी दारू, कॉफी आणि मसाल्यांवर बंदी घातली, आणि या तापट रोग्याने पथ्य बऱ्यापैकी पाळले. बरे वाटू लागल्यावर लिहिलेल्या ए मायनर तंतुवाद्य-चौकडीच्या (ओपस १३२) तिसऱ्या भागाला त्याने ‘बऱ्या झालेल्या माणसाचे देवाला उद्देशून कृतज्ञतागीत’ अशा अर्थाचे शीर्षक दिले आणि ते लिडियन स्वरश्रेणीत असल्याचेही त्यातच नोंदवले. लिडियन म्हणजे स्वरांच्या हिशेबाने आपला कल्याण थाट, तीव्र मध्यमाचा. चलन अगदी वेगळे, त्यामुळे यमन ऐकू येण्याची अपेक्षा ठेवू नये. रचना अशी आहे: अतिशय संथ, प्रार्थनेसारखा भाग, मग ‘नवे बळ जाणवत असताना’ अशी सूचना लिहिलेला चपळ भाग, पुन्हा संथ, पुन्हा चपळ आणि शेवटी संथ. दुखण्यातून उठणाऱ्याचे दिवस तंतोतंत असेच जातात. एक दिवस जिना उतरून अंगणात जावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरावे.

सुरावरून शब्दांकडे जाणारी एक वाट वैद्यकाने पक्की करून ठेवली आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा गेलेल्या काही रुग्णांना एक वाक्य बोलता येत नाही, पण पाठ असलेले गाणे शब्दांसकट म्हणता येते. या विसंगतीचा उपयोग करून बोस्टनमध्ये १९७३च्या सुमारास एक पद्धत बसवली गेली. रोजची साधी वाक्ये सुरात आणि हाताने ठेका धरून म्हणून घ्यायची, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. चालण्याच्या बाबतीतही असेच काही घडते. नॉर्वेत डोंगरावरून पडून पाय गमावल्यासारखी अवस्था झालेले ऑलिव्हर सॅक्स हे मेंदूचे डॉक्टर रुग्णालयात पुन्हा पाऊल टाकताना अडले होते. कॅसेटवर अनेकदा ऐकलेला मेंडेल्सनचा व्हायोलिन कॉन्चेर्तो अचानक डोक्यात वाजू लागला आणि पाय चालू लागला, असे त्यांनी १९८४ मध्ये आलेल्या ‘अ लेग टू स्टँड ऑन’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

शब्द परततात तेव्हा ते लहान तुकड्यांनी परततात. जो स्वतः वाचू शकत नाही इतका आजारी आहे, त्याला दुसऱ्याने वाचून दाखवलेलेही बहुधा सोसत नाही, हे नाइटिंगेल यांनी बजावले आहे. वाचायचेच असेल तर सावकाश वाचावे. लवकर संपवण्यासाठी घाईने वाचणे हा रोग्याचा छळ आहे. खोट्या आशा दाखवणाऱ्या आणि सल्ले देणाऱ्या भेटकऱ्यांवरचे त्यांचे प्रकरण तर आजही प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लावावे असे आहे. मराठी घरांत दुखणाईताशेजारी पोथी वाचण्याची रीत होती, तिच्यामागे श्रद्धा होतीच. शिवाय एक व्यवहारही होता. ओवी साडेतीन चरणांत संपते, तिला लय असते आणि बहुतेक वेळा ती आधी ऐकलेली असते. नवे काही समजून घ्यायचे नसते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात वेगळ्या वाटेने हेच सांगितले: आजारी माणसाला लांबलचक गद्य झेपत नाही, त्याला कविता हवी असते, आणि तिचे शब्द त्याच्यापर्यंत अर्थाआधी नाद घेऊन पोहोचतात.

त्याच निबंधात वुल्फ यांची एक तक्रार आहे. प्रेमात पडलेल्या मुलीसाठी बोलायला शेक्सपिअर आहे, पण डोके दुखते आहे हे डॉक्टरला सांगताना इंग्रजी भाषा आटून जाते. मराठीपुरती ही तक्रार टिकत नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी. दाढ ठसठसते, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो, जखम चुरचुरते, त्वचा हुळहुळते, अंगात कणकण असते, आणि कणकण म्हणजे ताप नव्हे हे घरातल्या कोणालाही समजते. वेदनेचे असे नेमके नाव सापडणे हाही दिलासाच आहे, कारण नाव आहे याचा अर्थ हे आधी कोणाला तरी झाले आहे. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठात वेदनेची जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत आणि रुग्णाने त्यांतून आपले शब्द निवडायचे असतात. वुल्फ यांच्या तक्रारीला मिळालेले हे उशिराचे उत्तर म्हणावे लागेल. मराठी रुग्णाला मात्र बहुतेक वेळा ‘एक ते दहापैकी किती दुखते?’ असे विचारले जाते आणि भाषेतली ही सारी पुंजी एका आकड्यात जमा होते.

स्वतःचे शब्द येतात तेव्हा रोगी बराच पुढे आलेला असतो. रवींद्रनाथ टागोर सप्टेंबर १९४० मध्ये कालिम्पोंगला अत्यवस्थ झाले आणि त्यांना कोलकात्याला आणावे लागले. त्यानंतरच्या काही महिन्यांत त्यांचे दोन छोटे कवितासंग्रह आले. पहिल्याचे नाव ‘रोगशय्याय’, म्हणजे रोगशय्येवर, दुसऱ्याचे ‘आरोग्य’. मराठीत आरोग्य म्हणजे प्रकृतीची चांगली अवस्था. बंगालीत तोच शब्द रोगातून मुक्त होण्यासाठी वापरतात. हाताने लिहवत नसे, तेव्हा ते सांगत आणि शुश्रूषा करणारी माणसे उतरून घेत. आयुष्यभर हजारो गाणी लिहिलेल्या या कवीच्या या कविता आखूड आणि बिनअलंकारिक आहेत. एका कवितेत पहाटेची चिमणी आहे. दुसरीत रोज सकाळी आरामखुर्चीपाशी येऊन बसणारा कुत्रा आहे. कोणी स्पर्श करेपर्यंत तो तसाच बसून राहतो. खाटेवरून जेवढे दिसते तेवढेच त्यांत येते. ३० जुलै १९४१ रोजी जोडासांकोच्या घरात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या सकाळी त्यांनी आणखी एक कविता सांगितली. तिच्यात काही गोंधळ राहिला आहे, नंतर बरे वाटले की नीट करू, असे ते म्हणाले. ७ ऑगस्टला ते गेले. ती कविता त्या सकाळी उतरून घेतली तशीच छापली जाते.