ज्याला थोडे लागते

नाशिकच्या गल्ल्यांतून आता बैठी घरे कमी झाली. अंगण गेले, गॅलरी आली, आणि तुळशीच्या कुंडीजवळ एखादी निवडुंगाची कुंडीही येऊन बसली. त्यावर वडीलधारी मंडळी कुरकुरतात, "अहो, काट्याचे झाड का कुणी घरात ठेवते?" या कुरकुरीत आम्हांस फारसा अर्थ दिसत नाही. पुण्यास नाना पेठेत तुकोबारायांची पालखी ज्या देवळात उतरते, तेथल्या देवाचे नावच निवडुंग्या विठोबा. निवडुंगाच्या दाटीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. देवाला जे चालले त्याने आपली गॅलरी बाटेल काय? लहान मुलांच्या हाती लागणार नाही एवढे पाहावे, म्हणजे झाले.

प्रश्न निराळाच आहे. हे झाड घरी आणणारा ते काय म्हणून आणतो? "याला काही लागत नाही हो!" हे वाक्य मात्र आम्हांस काट्यापेक्षा जास्त टोचते.

काही लागत नाही हे खरे नव्हे, थोडे लागते. हे शोभेचे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले. (आपल्या बांधावरचा पांढऱ्या चिकाचा त्रिधारी निवडुंग दिसायला तसाच, पण त्याचे कूळ वेगळे.) जेथे पाऊस क्वचित, तेथे तगायचे म्हणून याने पानांचे काटे केले आणि खोडाची पाण्याची कोठी केली. दिवसा हा आपली रंध्रे मिटून बसतो, रात्री गारव्यात उघडतो. एवढी काटकसर! कुंडीला तळाशी भोक, मातीत निम्मी जाड रेती, सकाळचे ऊन, एवढे त्याला पुरते. पाणी द्यायचे ते खालून निथळेपर्यंत द्यावे, आणि मग माती पार सुकेपर्यंत थेंबही नको. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एखाद्या वेळी. रोज तांब्याभर ओतणाऱ्याच्या घरी त्याचे मूळ कुजते. आणि विसरणाऱ्याच्या घरी? तेथे तो महिनोन् महिने हिरवाच दिसतो. तुळस तहानली की दुपारी मान टाकते, म्हणजे सांगते. हा सांगत नाही. अंगावर सुरकुत्या पडतात, पण त्या बघेल त्याला.

घराघरांतून असे एक माणूस असते. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते आणि नाशिकवरून पंढरीची वाट धरते. तीन आठवड्यांवर चालणे. घरचा कर्ता पताका खांद्यावर टाकतो नि निघतो. मागे गुरे, पेरणी, अंथरुणाला खिळलेली सासू हे सारे पाहणारी कुणी एक असते. "तिचं काही नाही, ती घर सांभाळते." असे दहा वर्षे चालते, वीस वर्षे चालते. "यंदा तू येतेस का?" असे तिला कधी कुणी विचारले आहे काय? विचारले तर ती 'नको' म्हणेलही. पण विचारल्यावर आलेला नकार आणि आपणच तिच्या वतीने धरून चाललेला नकार, हे दोन एक कसे?

कुणी म्हणेल, संतोषी जीवाला त्याच्या संतोषात राहू द्यावे, संतांनीही अल्पसंतोष वाखाणला आहे. वाखाणला खरा, पण तो ज्याचा त्याने आपल्यापुरता घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या अल्पसंतोषावर आपली सोय उभारणे याला वैराग्य म्हणत नाहीत. त्याला साधा शब्द चोरी. आणि मन खाऊ लागले म्हणून एके दिवशी दोन भारी लुगडी आणून टाकणारेही आहेत! तिला लुगडे नको असते, गुडघ्याला चार दिवस विसावा हवा असतो. हे त्या रोजच्या तांब्यासारखेच झाले.

वारीस निघण्यापूर्वी कुंडी वळचणीला सरकवून ठेवावी, कारण आपण वाटेत असतानाच मृग कोसळतो आणि उघड्यावरचे रोप कुजते. शेजाऱ्याला पाणी घालायला सांगण्याचे कारण नाही. सासूजवळ दोन-तीन दिवस कोण बसेल, हे मात्र ज्येष्ठ लागण्याआधीच ठरवावे लागते. धाकट्या भावाला, नाहीतर सासरी असलेल्या लेकीला आधी फोन करावा, म्हणजे तिला डोईवर तुळस घेऊन निदान सिन्नरपर्यंत तरी चालता येईल.