पाळणा आणि चाळणी

होणारे बाळ सुदृढ असावे, अशी इच्छा आईबापांनी धरली तर त्यात पाप कसले? आपल्या आजीपणजींनी याच एका मागणीसाठी मोत माउलीपुढे मेणबत्त्या लावल्या. त्या इच्छेपोटी आपण काय करावयास सिद्ध होतो, हा मात्र सदसद्विवेकाचा प्रश्न आहे.

१९७८ साली इंग्लंडमध्ये, आणि त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने, शरीराबाहेर फलन झालेली बाळे जन्मली. १९९० मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी पुढचे पाऊल टाकले. काचपात्रातील भ्रूणाची एक पेशी काढून त्यांनी तिची तपासणी केली. मुलग्यांनाच ग्रासणारे आनुवंशिक विकार टाळण्यासाठी त्यांनी मुलीचे भ्रूण तेवढे मातेच्या उदरात ठेवले. आज पाच दिवसांच्या भ्रूणाच्या काही पेशी काढून शेकडो विकारांचा शोध घेता येतो. जे निर्दोष ठरते ते उदरात जाते. उरलेली गोठविली जातात किंवा टाकून दिली जातात.

या चाचणीकडे वळणारी माणसे दुष्ट नसतात. पतिपत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तो रोग होण्याचा संभव चारात एक असतो. अशा बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी परके रक्त चढवावे लागते, आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात. एका लेकराचे हे भोग पाहिलेली माता दुसऱ्या वेळी चाचणी मागते, तेव्हा तिला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तिच्या मागणीत माया आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वैद्यक रोग्याच्या बाजूने रोगाशी लढते. येथे रोग जेथला तेथे राहतो, नाहीसा होतो तो रोगी. १९८७ साली व्हॅटिकनने जीवनाच्या दानाविषयी जी शिकवण दिली, तिने गर्भाची तपासणी सरसकट निषिद्ध ठरविली नाही. गर्भाचे रक्षण आणि उपचार यांसाठी ती होत असेल, तर तिला मान्यता आहे. नाकारण्यासाठीच जी केली जाते ती अमान्य, आणि २००८ च्या शिकवणीने हाच निकष काचपात्रातील भ्रूणाला लावला. हे केवळ श्रद्धावंतांनीच मानावे असेही नाही. आपण प्रत्येक जण एकेकाळी तेवढेच होतो. त्या बिंदूपासून आजपर्यंत आपले आयुष्य अखंड चालत आले आहे.

चाळणीची छिद्रे किती मोठी ठेवायची, हे कोण ठरविणार? आपल्या देशाला या प्रश्नाचा दाहक अनुभव आहे. गर्भजल चाचणी १९७० च्या दशकात येथे आली ती गर्भातील व्यंगे शोधण्यासाठी. थोड्याच काळात ती मुली शोधू लागली. महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ असलेल्या मुली २०११ साली ८९४ वर आल्या. मुलगी होणे हा रोग नव्हे, हे खरे. परंतु स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढविणारे जनुक घेऊन आलेली कन्या चाळीस वर्षे सुखाने जगू शकते, कदाचित तिला तो रोग होणारही नाही. तिला वगळावे काय? परदेशांतील काही कंपन्या तर भ्रूणाच्या बुद्धिमत्तेचेही अंदाज विकू लागल्या आहेत.

मात्र मातेला 'नको' म्हणून ख्रिस्तसभेची जबाबदारी संपत नाही. तेथून ती सुरू होते. सायप्रसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने विवाहेच्छूंकडून थॅलेसेमियाच्या रक्ततपासणीचा दाखला मागण्याचा प्रघात पाडला. त्या देशात पुढे गर्भपाताचाही अवलंब झाला, तो आपल्याला ग्राह्य नाही. परंतु विवाहाआधी सत्य जाणून घेणे सर्वस्वी ग्राह्य आहे. आपल्या विवाहपूर्व शिबिरांत याविषयी किती बोलले जाते? पालघर, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल घरोघरी वेदना देतो, तेथे आपले किती तरुण रक्त देऊन आले? थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांना २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वात स्थान दिले, हे किती कुटुंबांना ठाऊक आहे? डाऊन सिंड्रोम असलेले मूल मिस्साच्या वेळी मोठ्याने ओरडले, म्हणजे किती माना वळतात?

जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, हे कोणाच्या पापाचे फळ? प्रभूने दोषाचा शोध थांबविला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला. आपल्या धर्मग्रामात अशा बाळाच्या पाळण्यापाशी किती हात पुढे येतात, यावरूनच आपल्या 'नको'चे मोल ठरेल. ते हात पुढे येणार नसतील, तर त्या मातेपुढे आपला उपदेश ऐकविण्याचे धैर्य तरी आपण कोठून आणणार?